गल्ल्यावरची मुले, अर्जावरची मुले

दहावीच्या वर्गाला निरोप देण्याच्या दिवशी आम्ही मुलांना एक प्रश्न न चुकता विचारतो : 'पुढे काय होणार?' गेली कित्येक वर्षे उत्तरे ठरलेली आहेत. पहिल्या बाकांवरची मुले डॉक्टर, इंजिनिअर होतात. मधल्या बाकांवरची शिक्षक, तलाठी, पोलीस होतात. मागच्या बाकांवरची उंच, काटक मुले बेळगावच्या मराठा सेंटरला भरतीसाठी उभी राहणार असतात. मुली नर्स किंवा शिक्षिका होतात. जी उरतात ती 'कंपनीत' एवढेच म्हणतात. कोणती कंपनी, हे त्यांनाही ठाऊक नसते. ती गोव्यात असेल, पुण्यात असेल, गावात मात्र नसेल, एवढे नक्की असते.

एका वर्षी मागच्या बाकावरून वेगळे उत्तर आले. 'सर, मी मोटार रिवायंडिंगचे दुकान घालणार.' वर्ग हसला. आम्हीही हसलो. वर शहाणपणाचा सल्ला दिला, 'मार्क बरे आहेत तुझे, डी.एड. कर. दुकान काय, केव्हाही घालता येईल.' मुलगा गुणी होता, त्याने आमचे ऐकले. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू. तत्पूर्वी वाचकांना थोडा वेळ उज्जैनला नेण्याची परवानगी मागतो. त्या दिवशी आम्ही का हसलो, हे आम्हांला कळले ते तिथे.

महाकालाच्या गावात

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षक मंडळी महाकालेश्वर आणि ओंकारेश्वर अशी दोन ज्योतिर्लिंगे करून आलो. उज्जैनला मुक्काम आमच्या सौभाग्यवतींच्या मावसबहिणीच्या घरी होता. घर जुने, मूळचे दक्षिणेतले. शिंदे सरकारच्या चाकरीत पणजोबा कारकून म्हणून आले आणि पिढ्या तिथेच रुजल्या. घरातले आजोबा शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले. दिवाणखान्यात मराठी पुस्तकांचे कपाट होते, त्याची किल्ली आजोबांच्या जानव्याला. नातू बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. आमच्याशी तो मराठीत बोलायचा, पण दोन वाक्यांनंतर गाडी हिंदीच्या रुळावर जायची. लिपी एकच, त्यामुळे वाचता सगळे येते, पण चंद्रातला 'च' आणि चमच्यातला 'च' त्याच्या तोंडी एकच झाला आहे.

सकाळी त्याने आम्हांला पोहे-जिलेबी खायला गाड्यावर नेले. माळव्यात पोहे हे मराठी मंडळींबरोबर आले, असे तिथले लोकच सांगतात. खरे-खोटे महाकाल जाणे. आज मात्र उज्जैनची ओळख पोह्यांच्या गिरण्यांचे गाव अशीही आहे. 'या गिरण्यांत आपल्या लोकांच्या किती?' असे आम्ही आजोबांना विचारले. आजोबा हसले आणि म्हणाले, 'आपण पोहे करून घालतो हो. विकत नाही.'

दुसरा अनुभव त्याच दिवशीचा. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोकच्या पहिल्या टप्प्याचे लोकार्पण झाले आणि तेव्हापासून उज्जैनची गर्दी फार वाढली. २०१६ साली सिंहस्थ झाला, पुढचा २०२८ साली आहे. देवळाच्या आसपास खोली मिळणे कठीण. या कुटुंबाचा देवळापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर एक जुना वाडा आहे. तो त्यांनी वार्षिक भाड्याने दिला असून भाडेकरू तिथे यात्रेकरूंसाठी लॉज चालवतो. 'तुम्हीच का चालवत नाही?' या आमच्या प्रश्नावर घरातले सगळे आमच्याकडे असे पाहू लागले, की जणू आम्ही काही अभद्र बोललो. 'भाडे वेळेवर येते ना,' असे म्हणून विषय संपला. वाडा आपला, पाटी दुसऱ्याची.

दोन प्रश्न, दोन उत्तरे

संध्याकाळी नातवाचे दोन मित्र आले. एक सिंधी, त्याच्या घरचे कापडाचे दुकान. दुसरा बोहरी, हार्डवेअरच्या व्यापारातला. तिघेही एकाच वर्गातले, साधारण सारख्याच गुणांचे. आम्ही मास्तर, आम्हांला राहवले नाही. निरोप समारंभाचा प्रश्न तिघांनाही घातला.

बोहरी मुलगा म्हणाला, दोन वर्षे काकांच्या दुकानावर बसणार, मग स्वतःचे. सिंधी मुलगा म्हणाला, तयार कपड्यांची एजन्सी घेणार. आमचा नातू म्हणाला, 'पीएससीची तयारी.' म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची परीक्षा.

आम्ही सिंधी मुलाला छेडले, 'आणि नाही चालली एजन्सी तर?' पाऊस आला तर काय कराल, असे विचारल्यावर माणूस जितक्या सहज सांगेल, तितक्या सहज तो म्हणाला, 'नहीं चली तो लाइन बदल देंगे, अंकल.' मग नातवाला विचारले, 'आणि तू नाही पास झालास तर?' तोही तितक्याच सहज म्हणाला, 'पुन्हा देईन.'

वाचकहो, ही दोन उत्तरे आम्ही रात्रभर उलटीपालटी करून पाहिली. मराठी मुलगा धंद्याला भितो, त्याच्यात धाडस नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण हा मुलगा तर चार-पाच वर्षे नापास व्हायला तयार होता! शंभरांतून एखाद्याला मिळणाऱ्या जागेसाठी ऐन उमेदीची वर्षे डावावर लावायची, याला धाडस नाही तर काय म्हणायचे? त्यासाठी इंदूरला खोली घ्यायची, क्लासची फी भरायची, पुस्तके घ्यायची, खानावळ लावायची. हा सगळा पैसा बाप देणार आणि निकाल लागला नाही तरी कुणी 'पैसे बुडवले' म्हणणार नाही. 'अभ्यास करतोय बिचारा,' असेच म्हणतील. आपल्याकडेही याहून वेगळे काय चालले आहे? मुले धारवाडला जातात, पुण्याला जातात, वयाची तिशी येईपर्यंत अर्ज भरत राहतात.

तेवढ्याच पैशात त्याने दुकान घातले आणि ते वर्षात बंद पडले, तर मात्र तो जन्माचा 'बुडालेला' ठरतो. लग्नाच्या बाजारात त्याचे स्थळ मागे पडते. भावकी दहा वर्षे नाव काढते.

याचा अर्थ इतकाच, की अपयश पचवण्याची ताकद दोन्ही घरांत आहे. फरक आहे तो कोणते अपयश पचवायचे याचा. व्यापारी घर दुकानाचे अपयश पचवते, नोकरदार घर परीक्षेचे. मुलाच्या मनाचा कल ठरतो तो इथे. रक्तात काही नसते.

व्यापारी घर काय शिकवते

दुसऱ्या दिवशी आम्ही पटनी बाजार, छत्री चौक, गोपाळ मंदिराचा परिसर पायी हिंडलो. दुकानांतून पाहिले, तर शाळेचा गणवेश न उतरवलेली मुले गल्ल्याशेजारी बसली होती. एक पुड्या बांधत होता, एक उधारीच्या वहीत नाव शोधत होता. एका दहा-बारा वर्षांच्या पोराने गिऱ्हाईक पायरी उतरू लागल्यावर नेमका किती भाव कमी केला आणि कुठे थांबला, हे आम्ही उभे राहून पाहिले. बी.एड.च्या अभ्यासक्रमात 'कृतीतून शिक्षण' म्हणून जे आम्ही पाठ केले, ते इथे रोज संध्याकाळी फुकट चालू होते.

पण केवळ सराव एवढेच नव्हे. या मुलांच्या मागे नात्याची पत असते. घाऊक व्यापारी नात्यातला किंवा ओळखीचा, तो महिना-दोन महिन्यांच्या उधारीवर माल देतो. म्हणजे भांडवलाचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. न खपलेला माल परत घेणारा कुणीतरी असतो. दुकान बसले तर चुलत्याच्या दुकानात जागा असते. आणि कोणता माल उन्हाळ्यात घ्यावा, कोणाला उधार देऊ नये, हे जेवताना ताटावर कळते. आपल्या मुलाला जेवताना काय ऐकू येते? बढती, बदली, महागाई भत्ता आणि पेन्शन. ज्या घरात जे बोलतात ते मुलाला सोपे वाटते.

आपल्या गावांत शेतकऱ्याच्या घरची गोष्ट आणखी निराळी. शेतकरी हा खरे तर सर्वांत मोठा धोका पत्करणारा उद्योजक. पाऊस, कीड आणि बाजारभाव या तिन्हींवर तो दरवर्षी पैसे लावतो. पण भाव ठरवणे त्याच्या हाती नसते. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी १९८१ साली जे मोठे आंदोलन केले, त्याच्या मुळाशी हेच दुखणे होते. पिकवणारा एक आणि भाव करणारा दुसरा. बापाची ही दशा पाहिलेल्या मुलाला महिन्याच्या महिन्याला पगार हा स्वर्ग वाटला, तर त्याला दोष कसा द्यावा? 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपण उलटी केली ती मूर्खपणाने नव्हे, अनुभवाने.

नोकरी गेली, मागोमाग भाषा गेली

आता ज्या मुद्द्यासाठी हे उज्जैनपुराण लावले, त्याकडे वळू.

अठराव्या शतकात मराठ्यांनी माळवा घेतला. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. पुढे १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई यांनी उज्जैनचे गोपाळ मंदिर बांधले. शिंदे, होळकर आणि धार-देवासचे पवार यांच्या आश्रयाने दक्षिणेतून कारकून, फडणीस, पुराणिक, वैद्य, शिक्षक असे असंख्य मराठी लोक त्या मुलखात गेले. दरबार मराठ्यांचा, तेव्हा मराठी माणसाला मान होता आणि मराठी भाषेला भाव होता.

१९४८ साली संस्थाने विलीन होऊन मध्यभारत राज्य झाले आणि १९५६ साली ते मध्य प्रदेशात गेले. दरबार संपला. नोकऱ्या राहिल्या, पण त्या हिंदीत आल्या. मराठी ही पोटाची भाषा होती, ती आता फक्त देवघराची आणि स्वयंपाकघराची झाली. बाजारात ती कधी उतरलीच नव्हती, कारण बाजारात आपण नव्हतो.

एका घराचे उदाहरण साहित्याच्या वाचकांना ठाऊक असेल. गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरातले, जन्म १९१७ सालचा. वडील ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात, उज्जैनशी कुटुंबाचा जवळचा संबंध. हे थोरले बंधू हिंदीतले फार मोठे कवी झाले आणि धाकटे शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी व समीक्षक झाले. एकाच घरातून दोन भाषांना दोन लेखक मिळाले, याचा अभिमानच वाटावा. पण अशा घरांच्या पुढच्या पिढ्यांत मराठीकडे कितीजण वळले, हे तिथे जाऊन पाहावे.

उज्जैनच्या मराठी माणसांना कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. भीमबेटकाची गुहाचित्रे १९५७ साली उजेडात आणणारे विष्णू श्रीधर वाकणकर हे उज्जैनचेच, आणि २००३ साली ते स्थळ जागतिक वारसा ठरले. ज्ञानाच्या, कलेच्या आणि अध्यापनाच्या क्षेत्रांत आपल्या लोकांनी त्या शहराला पुष्कळ दिले. पण जी भाषा केवळ नोकरीच्या आधाराने उभी असते, ती नोकरी देणारा बदलला की बदलते. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. आपल्याकडे १९५६ नंतर दुसरे काय झाले?

यावर कुणी म्हणेल, धंदा केला की भाषा वाचते काय? नाही, आपोआप वाचत नाही. सिंधी लोकांचेच पाहा. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या या समाजाने हातगाडीपासून सुरुवात करून बाजारात स्थान मिळवले. सिंधीला १९६७ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली. तरी त्या मुलाने आम्हांला सांगितले, की सिंधी आजीला येते, आईला समजते आणि त्याला फक्त शिव्या येतात! उलट बोहरी मुलगा म्हणाला, त्यांच्या घरात आणि जमातीत अजून गुजराती वळणाची आपली बोली आहे, आणि ती अरबी लिपीत लिहितात. म्हणजे भाषा टिकवायला घर आणि समाज हवाच, दुकान त्याची जागा घेऊ शकत नाही. मग दुकानाने काय होते? दुकानाने माणूस गावात राहतो.

आमच्या समितीच्या बैठकीत मराठी शाळांचा विषय दर वेळी निघतो. पट कमी होतो, वर्ग रिकामे होतात. सरकारला दोष द्यायचा तिथे आम्ही देतो, कचरत नाही. पण पट कमी होण्याचे एक कारण आपल्याच दारात आहे. शिकलेला मुलगा गाव सोडतो, पुण्याला जातो, त्याचे लग्न होते, मुले तिकडच्या इंग्रजी शाळेत जातात. गावात उरतात ती म्हातारी माणसे. म्हातारी माणसे मोर्चाला येतात, पण बालवाडीत बसू शकत नाहीत! गावात कमावता तरुण राहिला तरच त्याची मुले गावच्या शाळेत येतील.

आणखी एक गोष्ट. आमच्या गावच्या चौकात एका मारवाडी गृहस्थांचे जुने किराणा दुकान आहे. घरी ते आपली भाषा बोलतात, गिऱ्हाइकाशी आपल्या आजीसारखी मराठी बोलतात आणि कानडी गिऱ्हाईक आले की तितकीच चांगली कानडी. कुणी सक्ती केली नाही. पाटी कोणत्या भाषेत असावी याचे नियम सरकार करते, गल्ल्यावर कोणती भाषा बोलायची हे गिऱ्हाईक ठरवते. आपल्या मुलाने उद्या दुकान घातले आणि कानडी गिऱ्हाइकाशी कानडीत बोलला, तर त्यात कमीपणा मानू नये. आपल्या भाषेवर प्रेम करायला दुसऱ्याच्या भाषेचा दुस्वास करावा लागत नाही, आणि व्यापाऱ्याला तर तो परवडतही नाही.

मनाचा कल बदलता येतो काय?

बी.एड.ला प्रेरणेच्या प्रकरणात आम्ही डेव्हिड मॅक्लेलंड हे नाव वाचले होते. हार्वर्ड विद्यापीठातल्या या मानसशास्त्रज्ञाचे 'द अचीव्हिंग सोसायटी' हे पुस्तक १९६१ सालचे. काहीतरी चांगले करून दाखवण्याची ओढ ज्या समाजात लहानपणापासून जोपासली जाते, तो समाज उद्योगात पुढे जातो, असे त्याचे म्हणणे. पण केवळ म्हणून तो थांबला नाही. १९६४ साली आंध्रातल्या काकीनाडा गावच्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत थोड्या दिवसांचे शिक्षण देण्यात आले. स्वतःपुढे पेलेल असे ध्येय ठेवणे, आपल्या कामाचा परिणाम मोजणे, अपयशाची कारणे शोधणे, असा तो अभ्यास होता. पुढे पाहणी केली तेव्हा शिक्षण घेतलेल्यांपैकी पुष्कळजण धंद्यात पूर्वीपेक्षा अधिक हालचाल करू लागल्याचे आढळले. विशेष म्हणजे जात कोणती, राहणी जुन्या वळणाची की नव्या, याने निकालात फारसा फरक पडला नाही. शेंडी असो वा सूट, शिकले ते पुढे गेले.

हार्वर्ड आणि काकीनाडा दूर वाटत असेल, तर बेळगावचेच घ्या. शहरात किर्लोस्कर रोडवरून आपण किती वेळा जातो! लक्ष्मणराव किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९ सालचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते, म्हणजे आमच्याच पेशाचे. बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. बंधूंसह सायकलींचे दुकान चालवले, लोकांना सायकल शिकवली. मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे नांगर सुरुवातीला खपता खपेनात. बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन आणि कर्ज दिले आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

या कथेतल्या दोन गोष्टी आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो. पहिली, लक्ष्मणरावांच्या मागे व्यापारी घराणे नव्हते, पण भाऊ होता आणि वेळेला पाठीशी उभा राहणारा राजा होता. एकट्याच्या धाडसावर उद्योग उभा राहत नाही, कुणीतरी पत द्यावी लागते. दुसरी गोष्ट भाषेची. याच नांगराच्या कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. ते पुढचे 'किर्लोस्कर' मासिक. त्यामागून १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' आले. मराठी वाचकांच्या कैक पिढ्या ज्या मासिकांवर वाढल्या, त्यांचे माहेर एक कारखाना होता.

मग करायचे काय?

भाषण देऊन मुले दुकान घालत नाहीत. आम्ही आमच्या शाळेपुरती केलेली एक गोष्ट सांगतो. शाळांतून मेट्रिक मेळावा किंवा बालबाजार भरतो. मुले भाजी, सरबत, भेळ विकतात, पाहुणे येतात, फोटो निघतात, संपले. एका मेळाव्यात एक मुलगा उड्या मारत आला, 'सर, तीनशे रुपये फायदा!' आम्ही विचारले, 'साखर कुठली?' म्हणे, घरची. 'लिंबे?' घरची. 'पेले?' ताईने आणून दिले. सगळा हिशेब मांडल्यावर फायदा साठ रुपयांवर आला आणि त्याचे तोंड उतरले. पण त्या साठ रुपयांत तो जे शिकला, ते गणिताच्या पुस्तकात आम्ही वर्षभर शिकवू शकलो नव्हतो. तेव्हापासून मेळाव्यानंतर हिशेबाचा तास आम्ही सक्तीचा केला. ज्याला तोटा आला त्यालाही उभे करून टाळ्या वाजवतो, मात्र तोटा का आला हे त्याने सांगायचे.

मोठ्या मुलांसाठी सोयी आहेत, त्यांची माहिती पालकांनी घ्यावी. आपल्याच राज्यात उजिरे येथे १९८२ साली धर्मस्थळाच्या पुढाकाराने आणि बँकांच्या सहकार्याने ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगार शिकवणारी रुडसेटी ही संस्था निघाली. तिच्याच धर्तीवर पुढे देशभर जिल्हावार बँकांच्या प्रशिक्षण संस्था झाल्या. तिथे राहणे, जेवणे आणि शिकणे विनामूल्य असते. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजार, किशोर गटात ५ लाख आणि तरुण गटात १० लाख रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्जाची तरतूद आहे. कर्ज म्हणजे परतफेड आलीच. लग्नात उडवायला ते घेऊ नये, हे सांगणे न लगे.

पण या सर्वांहून मोठी गोष्ट घरात आहे. परीक्षेसाठी मुलाला आपण जशी चार वर्षे देतो, तशी दुकानासाठी दोन द्यावीत. क्लासला देतो तेवढे पैसे भांडवल म्हणून द्यावेत आणि बुडाले तर क्लासची फी समजावी. गावातले दुकान आपल्या पोराचे असेल तर उधारी वेळेवर चुकवावी. 'आपलाच आहे' म्हणून वर्षभर पैसे न देणारे आपणच असतो आणि 'मराठी माणसाला धंदा जमत नाही' असे पारावर बसून म्हणणारेही आपणच! मुलगी शिलाईचे दुकान घालते म्हणाली, तर 'स्थळ येणार नाही' हे पहिले वाक्य तोंडातून काढू नये. आणि नोकरीवाल्याचीच मागणी धरून बसणाऱ्या मुलींच्या बापांनी जरा आजूबाजूला पाहावे. उज्जैनच्या कापड गिरण्यांतली नोकरीही एके काळी पक्की समजत. विसाव्या शतकाच्या अखेरीस विनोद मिलसारख्या गिरण्या बंद पडल्या आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षे न्यायालयात अडकली.

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलाविषयी. त्याने डी.एड. केले. मराठी शाळांतल्या जागा निघतील म्हणून काही वर्षे वाट पाहिली. मग गोव्यात एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला. गेल्या गणपतीत तो गावी आला होता. शाळेच्या बोअरची मोटार जळली होती आणि ती तालुक्याला न्यायची, तर आठ दिवस मुलांना पाणी नाही, अशी अडचण. त्याच्या कानावर गेले. तो आला, व्हरांड्यात पोते अंथरून मोटार उघडली, तांब्याची तार मागवली आणि दोन दिवसांत मोटार चालू करून दिली. शिकला कुठे, म्हणून विचारले. म्हणाला, 'दहावीच्या सुट्टीत एका दुकानावर जात होतो, सर. तेव्हाच सगळे आले होते.'

गणपती विसर्जनानंतर तो गोव्याला गेला नाही. फाट्यावर एक गाळा भाड्याने घेतला आहे. चालेल की नाही, हे आज सांगता येत नाही. दोन हंगाम जावे लागतील. त्याची मुलगी जूनपासून आमच्या शाळेत पहिलीला आहे.

त्याच्या दुकानाच्या पूजेला आम्ही नारळ घेऊन गेलो होतो. तेव्हा त्याने त्या वर्गातल्या हसण्याची आठवण काढली नाही, तो त्याचा मोठेपणा. आम्ही मात्र ती विसरलेलो नाही. म्हणून गावोगावच्या शिक्षकबंधूंना, पालकांना आणि वडीलधाऱ्यांना हात जोडून एवढीच विनंती, की मागच्या बाकावरून असे उत्तर आले, तर जमेल ती मदत करावी. नाहीच जमली, तर निदान हसू नये.